कुंडीखालची बशी

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून आले, की आपल्याही घरी चार कुंड्या असाव्यात असे वाटते. वेळ कमी असणाऱ्यांनी सदाफुली, चिनी गुलाब, जास्वंद लावावी. भरपूर ऊन आणि माती वरून कोरडी झाल्यावर पाणी, एवढ्यावर ती फुलतात.

मात्र कुंडीखालच्या बशीकडे दुर्लक्ष नको. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची मादी अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. अंडी बशीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून बशी घासून कोरडी करावी. कुंडी विटांवर ठेवल्यास तेवढेही कष्ट वाचतात.