शेतवस्तीवर बॅटरीवर फ्रिज चालविताना

गावापासून दूर शेतात वस्ती करून राहणाऱ्या अनेक कुटुंबांकडे अजून विजेची तार पोचलेली नाही. दिवा, रेडिओ आणि मोबाईल यांची सोय एक सौर पॅनेल व एक बॅटरी यांवर भागते. पण जनावरांची लस आणून ठेवायची असेल, संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत टिकवायचे असेल, तर फ्रिजची गरज भासते. मग घरात आहे त्याच बॅटरीला इन्व्हर्टर लावून फ्रिज जोडला जातो. पहिले काही आठवडे तो चालतो. पुढे पहाटे-पहाटे तो बंद पडू लागतो आणि काही महिन्यांत बॅटरी बसते.

यात दोष फ्रिजचा नसतो, बॅटरीचाही नसतो. हिशेब अगोदर केलेला नसतो, एवढेच. दिव्यात आणि फ्रिजमध्ये मोठा फरक आहे. दिवा चार तास लागतो, फ्रिजला मात्र २४ तास सुट्टी नाही. अमेरिकेत मोटारीवर बांधलेल्या चालत्या घरांत पूर्वी गॅसवर चालणारे फ्रिज सर्रास असत. आता तेथेही अनेक जण घरगुती विजेचा फ्रिज बॅटरीवर चालवितात. त्यांनाही हाच हिशेब करावा लागतो.

रोजचा हिशेब

फ्रिजवर किती वॅट लिहिले आहेत, यावरून बॅटरी ठरवू नये. दिवसभरात किती वीज लागते, ते पाहावे. फ्रिजवरील ऊर्जा-बचतीच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतात, ते छापलेले असते. समजा, एका दाराच्या लहान फ्रिजवर वर्षाला १८३ युनिट असे लिहिले आहे. म्हणजे रोज अर्धा युनिट, अर्थात ५०० वॅट-तास. आता पुढील बेरीज करावी.

१) उन्हाळ्याची उष्णता आणि वारंवार उघडणारे दार यांसाठी ३० टक्के वाढ धरल्यास गरज ६५० वॅट-तास होते.

२) इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वीज वाया जाते. म्हणजे बॅटरीतून ७६५ वॅट-तास घ्यावे लागतात.

३) फ्रिज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज घेतो. ती १० वॅट धरली तरी २४ तासांत २४० वॅट-तास होतात.

एकूण सुमारे १००० वॅट-तास, म्हणजे रोज एक युनिट. लेबलावरचा अर्धा युनिट बॅटरीपाशी येईपर्यंत दुप्पट झाला, हे ध्यानात ठेवावे.

बॅटरी किती व कोणती?

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्म्याहून अधिक वीज काढू नये, हा नियम पाळावा. म्हणजे हाती राहिले ९०० वॅट-तास. एका बॅटरीवर ऊन असलेले दिवस निघतील, पण एक दिवस आभाळ भरून आले की गाडे अडेल. म्हणून वरील फ्रिजसाठी अशा दोन बॅटऱ्या घ्याव्यात. त्या एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुन्या बॅटरीला नवी जोडल्यास जुनी नवीलाही खाली ओढते. दोन्ही एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची जोडणी केली तर तारांतील प्रवाह निम्मा होतो. मात्र इन्व्हर्टर व चार्ज कंट्रोलर त्याच व्होल्टचे हवेत.

ट्रॅक्टरची बॅटरी या कामाला वापरू नये. तिच्या प्लेटा पातळ असतात. इंजिन सुरू करताना काही सेकंद मोठा प्रवाह देणे, हे तिचे काम. रात्रभर हळूहळू रिकामे होणे तिला मानवत नाही. फ्रिजसाठी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी. लिथियमची बॅटरी महाग पडते, पण तिच्यातून सुमारे ८० टक्के वीज वापरता येते व पाणी घालावे लागत नाही. तिच्यासाठी योग्य चार्जर असल्याची खात्री करावी.

सौर पॅनेल

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी पाहता दिवसाला साधारण ४ ते ५ तास भर उन्हाइतका प्रकाश मिळतो. ५०० वॅटच्या पॅनेलपासून साडेचार तासांत २२५० वॅट-तास मिळायला हवेत. धूळ, उष्णता, तारा व बॅटरी यांतील घट वजा जाता त्यातले सुमारे १४५० हाती लागतात. रोजच्या १००० च्या गरजेपेक्षा हे जास्त दिसतात, पण ढगाळ दिवसाची तूट पुढच्या उन्हात भरून काढायला हा वाढावा लागतोच. पावसाळ्यात सलग झड लागली की एवढेही पॅनेल पुरत नाही. त्या दिवसांत फ्रिज बंद ठेवण्याची किंवा जनित्राची तयारी असावी.

जोडणी करताना

- कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. म्हणून १०० वॅटच्या फ्रिजलाही ८०० ते १००० व्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर लागतो. तो साइन वेव्ह प्रकारचाच असावा. स्क्वेअर वेव्हवर मोटर तापते व घरघरते.
- बॅटरी ते इन्व्हर्टर तार जाड, तांब्याची व शक्य तितकी आखूड ठेवावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा.
- फ्रिज बंद पडल्यास पाच मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करावा.
- बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून चूल, दिवा, विडी जवळ नको. पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे. आम्ल डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत व डॉक्टरांकडे जावे.

बॅटरीवर नजर

इन्व्हर्टर आपोआप बंद होईपर्यंत वाट पाहू नये. पुष्कळ इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १०.५ व्होल्टच्या आसपास आल्यावर बंद होतात. तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. एक साधा मल्टिमीटर घरात असावा. भार व चार्जिंग काही तास बंद ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली रोज जात असेल तर पॅनेल कमी पडते आहे किंवा वापर जास्त आहे, असे समजावे.

दिवसाची थंडी रात्रीसाठी

वीज साठविण्यापेक्षा थंडी साठविणे स्वस्त पडते. प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. ऊन असताना त्यांचा बर्फ होतो व रात्री तो फ्रिज गार ठेवतो. खालच्या कप्प्यांतही पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. रात्री दार उघडू नये. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे, सावलीत व चुलीपासून दूर असावा. निरशा दुधाची चरवी आधी गार पाण्यात निववून मगच आत ठेवावी.

लस ठेवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे

लाळ्या-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. फ्रिज रात्रीतून बंद पडला आणि सकाळी परत सुरू झाला, तर बाटलीकडे पाहून काही कळत नाही. लस टोचली जाते, पशुपालक निश्चिंत होतो आणि साथ आली की गोठा आडवा पडतो. गोठलेली लसही तितकीच निकामी. म्हणून लस बर्फाच्या कप्प्यात, बर्फाच्या बाटलीला चिकटून किंवा दारात ठेवू नये. मधल्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवावी, शेजारी थर्मामीटर ठेवावा व सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा.

नवीन जोडणी केल्यावर पहिले आठ दिवस लस आणूच नये. फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवून पहाटेचे तापमान व बॅटरीचा दाब लिहावा. आठही दिवस तापमान २ ते ८ अंशांत राहिले आणि दाब १२.२ व्होल्टच्या वर राहिला, तरच जोडणी भरवशाची समजावी. तसे नसेल तर लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये टोचण्याच्या दिवशीच आणावी. त्यात कमीपणा नाही. न चालणाऱ्या फ्रिजपेक्षा चार कोसांची चक्कर परवडते.