फोनवरचा प्लॉट आणि कागदावरची जमीन

जमीन कोणी उचलून नेत नाही. पण जमिनीच्या नावावर माणसाचे पैसे मात्र उचलून नेता येतात. पूर्वी लबाड दलाल घरी येत असे. आता तो फोनमधून येतो. म्हणून प्लॉट किंवा घर घेण्याआधी काय पाहावे, ते आपण शिकून घेऊ.

समजा, माहूरच्या एका शेतकऱ्याला मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला प्लॉट घ्यायचा आहे. नांदेड शंभर किलोमीटरच्या वर. सारखे जाणे होत नाही. त्याने फोनवर जाहिरात पाहिली. रस्ता रुंद, झाडे हिरवीगार, आणि भाव आजूबाजूच्या निम्मा! त्याने फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "काका, लई गिऱ्हाईकं आहेत. आजच वीस हजार बयाणा पाठवा. नाहीतर प्लॉट गेला समजा."

इथेच थांबावे. लबाडीच्या चार खुणा ध्यानात ठेवा :

1. भाव फार कमी.
2. घाई फार.
3. जागा दाखवायला टाळाटाळ.
4. कागदाआधी पैशाची मागणी.

एक खूण दिसली तर सावध व्हा. दोन दिसल्या तर फोन ठेवून द्या. चित्र कुठल्याही जागेचे लावता येते. जमीन चित्रावरून ओळखू नये, गट नंबरावरून ओळखावी.

म्हणून पहिला प्रश्न हाच : "गाव कोणतं? गट नंबर किती?" खरा विकणारा तो सांगतो. लबाड म्हणतो, "ते मागून बघू."

गट नंबर मिळाला की सातबारा पाहा. शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. आपल्याला जमत नसेल तर शिकलेल्या मुलाला सांगा, किंवा तलाठ्याकडे जा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. शहरातल्या काही जागांना सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते.

सातबाऱ्यावर काय पाहायचं? मालक कोण? विकणारा तोच आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा आहे का? 'भोगवटादार वर्ग 2' लिहिले आहे का? असल्यास, ती जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही.

माहूर-किनवट भागात आणखी एक गोष्ट पाहावी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेऊ नये. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तसा निर्बंध आहे. एजंट म्हणेल, "नोटरी करून देतो, काही होत नाही." होतं! घेणाऱ्याचा पैसा अडकतो, आणि ज्याची जमीन, तो बिचारा आपल्याच वावरासाठी कचेरीत खेटे घालतो.

नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. जागेची विक्री दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

आता एजंटाविषयी. 2017 पासून महाराष्ट्रात 'महारेरा' ही सरकारी संस्था काम करते. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर साधारणपणे तिथे नोंद करावी लागते. अशा ठिकाणचे प्लॉट विकणाऱ्या एजंटालाही नोंद लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. छापील कार्डावर भरवसा ठेवू नका. अशा प्रकल्पात नोंदलेला करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

ज्यांना घर भाड्याने द्यायचे आहे त्यांनीही जपावे. "भाडं पाठवतो, तुमचा पिन टाका," असे कोणी म्हटले तर टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला.

इतके करूनही कोणी फसला, तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि पोलिसात तक्रार द्यावी. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आयुष्याची कमाई एकदाच जमते. तिच्यासाठी चार दिवस कागद पाहण्यात गेले, तर ते वाया गेले असे समजू नका.

प्रश्न
1. लबाडीच्या चार खुणा कोणत्या?
2. नोटरी आणि रजिस्ट्री यांत फरक काय?
3. आपल्या घरातला एक सातबारा घ्या. त्यावरचा गट नंबर, मालकाचे नाव आणि 'इतर हक्क' हा रकाना मोठ्याने वाचा.