खांद्यावर राहील एवढीच पिशवी

सीना ही वर्षातले बरेच महिने वाळूत हरवलेली नदी. सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात मात्र तिने करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावेच्या गावे वेढली. लांबोटीजवळ पाणी चढले आणि सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. आपल्या गावात पाऊस किती झाला, याला तेव्हा फारसा अर्थ उरला नव्हता. पाण्याचा लोंढा वरून, अहिल्यानगर आणि धाराशिवकडून येत होता. आभाळ पाहून घराबाहेर पडलेली माणसे म्हणूनच वाटेत अडकली.

प्रस्तुत लेखक तेव्हा मोहोळच्या बाजूला खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेत होता. भुकेने तिथे कुणाचे हाल झाले नाहीत. आजूबाजूच्या वस्त्यांवरून चहा, भाकरी, केळी येत राहिली. माणसे अडली ती वेगळ्याच गोष्टींपाशी. रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत, आणि बॅग बसच्या डिकीत. मोबाईल बंद पडलेला, घरच्यांचा नंबर कुणाला पाठ नाही. नेटवर्क गेल्यावर दुकानदाराला पैसे पाठवता येईनात, आणि खिशात सुटी नोट नाही. अंधार पडल्यावर खाली उतरायला टॉर्च मोजक्यांकडेच.

आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिका कुटुंबासाठी तीन दिवसांचे पाणी, धान्य, कागदपत्रे असा मोठा संच सुचवतात. घरासाठी तो हवाच. पण सोलापूरचा माणूस बराच काळ वाटेवर असतो: एसटीत, रेल्वेत, शेतात, आषाढीला पंढरीच्या रस्त्यावर. कपाटातला संच तिथे पोचत नाही. पाण्याच्या लिटरभर बाटलीसकट दोन किलोंच्या आत बसेल, अंगावरून उतरवावीशी वाटणार नाही, अशी छोटी पिशवी वेगळी बांधायला हवी. २७ जुलै २०१९ ला कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली. हजाराहून अधिक प्रवासी तासन्‌तास डब्यात अडकले. त्यांना एनडीआरएफच्या जवानांनी बोटींतून बाहेर काढले. अशा वेळी हाताशी असते ते फक्त सीटवर आपल्याजवळ ठेवलेले सामान.

पिशवीत सगळ्यात जड पाणीच, आणि ते कमी करू नये. बाटली संपली तर गढूळ पाणी आधी गाळावे लागते. त्यासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा चार पदरी करून वापरावा. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञाने बांगलादेशातल्या खेड्यांत हाच प्रयोग केला, तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. गाळल्याने सगळे जंतू जात नाहीत, म्हणून क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी सोबत असावी. गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचे, घाई करायची नाही. गोळीचे प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते, ते आधीच वाचून ठेवावे.

ओआरएसची दोन पाकिटे पुरात लागतात, त्याहून जास्त एप्रिल-मेमध्ये लागतात. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद पडलेल्या बसमध्ये लहान मुले आणि म्हातारी माणसे बघता बघता गळून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट साडेवीस ग्रॅमचे असते आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचे असते. अर्ध्या ग्लासात घट्ट कालवून दिले तर उलट त्रास होतो. नावात ओआरएस मिरवणारी खोक्यातली गोड पेये घेऊ नयेत.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराने परदेशी एनर्जी बार शोधत बसू नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांहून सोयीचा शिधा मिळणे अवघड. नीट सुकलेली ज्वारीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. भाकरीचे तुकडे करून छोट्या डब्यात भरावेत, म्हणजे चुरा होत नाही. चटणी मात्र कमी तिखट करून घ्यावी, कारण तिखटाने तहान वाढते आणि पाणी मोजके असते.

सोलापुरी चादर या पिशवीत बसत नाही, आणि भिजली की उचलवत नाही. तिच्या जागी चंदेरी पातळ आपत्कालीन चादर घ्यावी. तिचे वजन ५०-६० ग्रॅम असते, आणि भिजल्या अंगाला वारा लागू न देण्याचे काम ती चोख करते. तिच्याशेजारी एक शिट्टी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. ढिगाऱ्यातून ओरडून घसा बसतो, दम संपतो. शिट्टीला दम कमी लागतो आणि आवाज दूर जातो. थांबून थांबून तीन-तीनदा वाजवावी.

याशिवाय छोटी टॉर्च, भरलेली पॉवर बँक, मलमपट्टी, रोजच्या औषधांचा तीन दिवसांचा साठा, आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा. नोटा आणि आधार कार्डाची प्रत प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवावी. नेटवर्क शोधत राहणारा मोबाईल लवकर संपतो, म्हणून मधल्या वेळेत तो फ्लाइट मोडवर टाकावा.

ब्लेड मात्र सर्पदंशासाठी ठेवू नये. पुरात साप कोरड्या जागी येतात, पण जखम कापणे किंवा करकचून बांधणे घातकच ठरते. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला सरकारी दवाखान्यात न्यावे. प्रतिविष तिथे मिळते.

पिशवीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कळाशी-कुगाव मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. तिथे ओआरएस किंवा टॉर्च कामाची नव्हती. हवे होते ते लाइफ जॅकेट. ते मिळणार नसेल तर बोटीत बसू नये. तसेच पुलावरून पाणी वाहत असेल तर पाठीवर कितीही उत्तम पिशवी असो, पलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नये.

मृगाच्या आधी एकदा पिशवी उघडा. औषधांच्या तारखा पाहा, पॉवर बँक भरा, भाकरी बदला. एका कागदावर घरचे दोन नंबर आणि त्यांच्याखाली ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रेल्वेचा १३९ हे बॉलपेनने लिहून तो कागद बंद पाकिटात ठेवा.