फेको यंत्राचा करार: जिल्ह्याच्या ठिकाणच्या खरेदीदारांसाठी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस लागणाऱ्या साधनांचा भारतातील बाजार एकजिनसी नाही. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग स्पर्धेमुळे स्वस्त झाले आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच भिंगे बनवण्यास आरंभ केल्यावर आयात भिंगांचा वरचष्मा ओसरला, आणि आज एका कंपनीचे भिंग परवडले नाही तर दुसऱ्या कंपनीचे मागवता येते. फेको यंत्राची गोष्ट वेगळी आहे. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणलेल्या फेको पद्धतीत अतिसूक्ष्म कंपनांनी मोतीबिंदूचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेतला जातो. त्यासाठी लागणारी कॅसेट, म्हणजे द्रव आत सोडणाऱ्या आणि चुरा बाहेर खेचणाऱ्या नळ्यांचा संच, बहुतेक यंत्रांत त्याच कंपनीचा असावा लागतो. त्यामुळे विक्रेता यंत्राच्या किमतीत सढळ हाताने सूट देतो आणि ती पुढील अनेक वर्षे कॅसेट, टिप आणि दुरुस्ती यांतून वसूल करतो.

परभणीतील एका धर्मादाय न्यासाच्या नेत्ररुग्णालयाने, ज्याच्या खरेदीचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते, असे एक यंत्र मोठ्या शहरातील वितरकाकडून दुरुस्तीच्या करारासह घेतले. जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील शेतकरी कुटुंबे डोळ्याचे ऑपरेशन थंडीत करून घेणे पसंत करतात. कापसाची वेचणी उरकत आली आणि रब्बीची पेरणी झाली की ओपीडी भरू लागते, आणि नेमक्या त्याच हंगामात यंत्राचा हँडपीस बंद पडला. हँडपीस म्हणजे शल्यचिकित्सकाच्या हातात असणारा पेनासारखा भाग. त्यातील स्फटिक विजेच्या साहाय्याने सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा कंप पावतात आणि फेकोचे सारे काम त्या कंपनांवर चालते.

वितरकाचा अभियंता पुष्कळ विनवण्यांनंतर आला. त्याने हँडपीसची वायर यंत्राला जोडून ट्यूनिंग करून पाहिले, पडद्यावर पुन्हा पुन्हा तोच दोषसंकेत उमटला, मग त्याने वायरीच्या टोकाचा प्लग उजेडात धरून एका पिनेवर चढलेला हिरवट गंज दाखवला आणि सर्व्हिस रिपोर्टवर शांतपणे लिहिले: हँडपीस नादुरुस्त, ॲक्सेसरी, करारात समाविष्ट नाही. ज्याच्याविना यंत्र म्हणजे निव्वळ एक पेटी, त्या भागाला ॲक्सेसरी म्हणणे हे नांगराच्या फाळाला जोडसामान म्हणण्यासारखे आहे. शिवाय वाफेच्या निर्जंतुकीकरणानंतर हँडपीस नीट वाळवला गेला नाही, असा ठपकाही संस्थेच्या कर्मचाऱ्यांवर ठेवण्यात आला. त्या कर्मचाऱ्यांना स्वच्छतेची रीत वितरकाच्याच माणसाने शिकवली होती, याचा रिपोर्टात उल्लेख नव्हता.

संस्थेने करार वाचलाच नाही, असे वितरकाने पुढे चार ठिकाणी सांगितले. हे धादांत असत्य आहे. ॲक्सेसरीमध्ये नेमके काय काय मोडते, अशी विचारणा सह्या होण्यापूर्वीच ईमेलने करण्यात आली होती. तिचे उत्तर मात्र फोनवरून आले, ‘सगळं कव्हर आहे, काळजी करू नका,’ आणि पैसे जमा झाल्यावर तोच विक्री प्रतिनिधी फोन उचलेनासा झाला. लेखी प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यामागील हेतू आता कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. रुग्णांचे नुकसान टळले ते डॉक्टरांमुळे, कारण त्यांनी यंत्राविना, हाताने केली जाणारी लहान छेदाची शस्त्रक्रिया सुरू ठेवली, आणि कुशल हातांत तिचे परिणामही उत्तम येतात. तरीही ‘मशीनचं ऑपरेशन’ मनात धरून आलेली कित्येक माणसे नांदेड-जालन्याकडे वळली.

अशा खरेदीत एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि सीएमसी (सर्वसमावेशक देखभाल करार) यांतील भेद आधी ध्यानात घ्यावा: पहिल्यात सामान्यतः केवळ तपासणी व मजुरी येते, दुसऱ्यात सुटे भागही येतात, परंतु कोणते भाग हे करारपत्रच ठरवते. म्हणून हँडपीस, त्याची वायर आणि फूटपेडल यांची नावे अनुक्रमांकासह सीएमसीत लिहून घ्यावीत, आणि बिघाड झाल्यास पर्यायी हँडपीस किती तासांत परभणीत पोहोचेल व न पोहोचल्यास दंड किती, हेही त्यातच नमूद करावे. विक्रेत्याकडे वैद्यकीय उपकरणे विकण्याचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे नमुना एमडी-४२, आहे का ते पाहावे, आणि यंत्र परदेशी असल्यास आयात परवाना, म्हणजे नमुना एमडी-१५, मागावा. घाई करू नये, दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत, कागद जपून ठेवावेत.

कायद्याच्या भरवशावर फार राहू नये. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे गुणवत्ता आणि सुरक्षितता पाहतात. दुरुस्तीच्या कराराशी त्यांना कर्तव्य नाही. हृदयातील स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिली, तशी ती कॅसेटची ठरवलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधांच्या कक्षेत आल्याने छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही हे खरे, परंतु विक्रेता छापील किमतीला हातच लावत नाही. तो पहिल्या वर्षी दिलेली सूट दुसऱ्या वर्षी काढून घेतो, आणि नियम न मोडता खर्च कितीतरी वाढतो. यास्तव कॅसेटचा प्रत्यक्ष दर, सूट वजा करून, किमान ५ वर्षांसाठी खरेदी आदेशातच बांधून घ्यावा.

ग्राहक आयोगाची वाट धर्मादाय न्यासांसाठी तर अधिकच बिकट आहे. प्रतिभा प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, तेव्हा लागू असलेल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली न्यासाला तक्रार करता येत नाही असे ठरवले, आणि वितरकाच्या वकिलाने संस्थेच्या पहिल्याच नोटिशीच्या उत्तरात त्याच निकालाचा दाखला दिला. उरतो तो दिवाणी दावा, आणि छापील करारात न्यायक्षेत्र विक्रेत्याच्या शहराचे असते. ती ओळ सहीपूर्वी खोडून तेथे परभणीचे न्यायालय लिहून घ्यावे व खोडलेल्या जागी दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. विक्रेता यास नकार देत असेल, तर त्याला ऑर्डर देऊ नये.