उष्णतेची लाट आणि श्रमाचे अर्थकारण

पूर, चक्रीवादळ किंवा भूकंप यांनी होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. कोसळलेली घरे मोजता येतात, वाहून गेलेल्या पिकांचे पंचनामे होतात आणि भरपाईची रक्कम ठरते. उष्णतेची लाट मात्र मागे पडझड ठेवीत नाही. लाट ओसरल्यावर रस्ते, पूल व इमारती जागच्या जागी असतात. त्यामुळेच या आपत्तीची आर्थिक बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. प्रत्यक्षात उष्णतेच्या लाटेचा पहिला आघात होतो तो मानवी श्रमावर. ज्या देशांत बहुसंख्य लोकांची उपजीविका उघड्यावरील अंगमेहनतीवर चालते, तेथे हा प्रश्न हवामानाइतकाच रोजगाराचा व उत्पन्नाच्या वाटपाचाही आहे. प्रस्तुत लेखात भारताच्या उदाहरणावरून त्याचा विचार केला आहे.

संकल्पना आणि निकष

तापमान अधिक असणे म्हणजे उष्णतेची लाट नव्हे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि डोंगराळ प्रदेशात किमान ३० अंश झाल्याखेरीज लाटेचा विचार केला जात नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून अधिक असल्यास तीव्र उष्णतेची लाट मानली जाते. प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ अंशांवर गेल्यास लाट व ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट, असा दुसरा निकष आहे. किनारपट्टीवर ३७ अंश तापमान आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची वाढ पुरेशी ठरते. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिल्यास दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

मार्च ते जून या काळात वायव्य भारतावर हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र निर्माण झाले की वरच्या थरांतील हवा खाली उतरते, दाबली जाते व तापते. आकाश निरभ्र राहते, वळवाचा पाऊस होत नाही आणि वायव्येकडून येणारे कोरडे वारे ही उष्णता मध्य व पूर्व भारतापर्यंत वाहून नेतात. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. भारतातील उच्चांकी नोंदींमध्ये तिची गणना होते.

निकषांत तापमानाला महत्त्व असले तरी शरीराच्या दृष्टीने हवेतील आर्द्रता तितकीच निर्णायक असते. घाम वाळताना शरीर थंड होते. हवा आधीच दमट असल्यास घाम वाळत नाही. तापमापकाचा फुगा ओल्या कापडाने गुंडाळून घेतलेल्या मोजमापास ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात व त्यातून हा एकत्रित परिणाम कळतो. हे तापमान ३५ अंशांवर गेल्यास निरोगी माणूसही सावलीत फार काळ तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. नंतरच्या प्रयोगांनुसार धोक्याची पातळी याहूनही खाली आहे. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान चाळीस अंशांच्या खालीच होते.

उष्ण कटिबंधावरच अधिक भार का?

औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. भारतात १९०१ ते २०१८ या काळातील वाढ सुमारे ०.७ अंश आहे. जागतिक सरासरीपेक्षा ही वाढ कमी दिसते. तरीही भारतासारख्या देशाचे नुकसान अधिक होते. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण भौगोलिक आहे. उष्ण कटिबंधातील तापमान मुळातच शरीराच्या व पिकांच्या सहनशक्तीच्या मर्यादेजवळ असते. थंड देशात एका अंशाच्या वाढीने काही वेळा फायदाही होतो. येथे मात्र तीच वाढ मर्यादा ओलांडण्यास पुरेशी ठरते. दुसरे कारण रोजगाराच्या रचनेत आहे. नियतकालिक श्रमदल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये भारतातील सुमारे ४६ टक्के रोजगार शेतीत होता. बांधकाम, वीटभट्ट्या, हमाली व फेरीचा व्यापार ही कामेही उघड्यावरच चालतात. तिसरे कारण संरक्षणाच्या साधनांचा अभाव हे होय. पत्र्याचे छप्पर, अपुरे पाणी व खंडित वीजपुरवठा यांमुळे श्रमिकाला रात्रीही विसावा मिळत नाही.

हीच स्थिती अन्य देशांतही आढळते. एप्रिल २०२४ मध्ये फिलिपाईन्समध्ये सार्वजनिक शाळांतील प्रत्यक्ष वर्ग स्थगित करावे लागले, बांगलादेशात शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तर मालीतील काय या शहरात ४८.५ अंश तापमान नोंदले गेले. हवेत साठलेल्या हरितगृह वायूंमध्ये या देशांचा वाटा अल्प आहे; झळ मात्र त्यांना अधिक बसते. हवामानविषयक न्यायाच्या चर्चेचे मूळ या विषमतेत आहे.

गमावलेले श्रमतास

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात उष्णतेमुळे वाया जाणाऱ्या श्रमतासांचा अंदाज मांडला. त्यानुसार भारतात १९९५ मध्ये एकूण श्रमतासांपैकी ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्के होईल. पूर्णवेळ रोजगाराच्या भाषेत हे नुकसान सुमारे ३ कोटी ४० लाख रोजगारांइतके भरते. जगासाठी हाच अंदाज २.२ टक्के, म्हणजे ८ कोटी रोजगारांइतका आहे. याचा अर्थ तितके लोक बेकार होतील असा नव्हे. कामाचा वेग मंदावतो, विश्रांती वाढते, काही दिवस काम बंद राहते. या सर्वांची ही बेरीज आहे.

छपराखालचे कामही यातून सुटत नाही. ई. सोमनाथन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वर्षाच्या तापमानात एक अंशाची वाढ झाल्यास भारतीय कारखान्यांचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते. वातानुकूलनामुळे कारखान्यातील उत्पादकता टिकली, तरी कामगारांची गैरहजेरी कमी झाली नाही. कारण कामगार ज्या घरात राहतो व ज्या रस्त्याने येतो, तेथील उष्णता कायम असते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे कळीचा प्रश्न उपस्थित होतो. गमावलेल्या तासाची किंमत कोण मोजतो? मासिक वेतन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने दुपारी काम थांबविले तर तोटा मालकाच्या वाट्याला येतो. वीटभट्टीवरील मजुराला मात्र हजार विटांमागे व हमालाला पोत्यांच्या संख्येवर मजुरी मिळते. काम थांबले की मिळकत थांबते. भाजीविक्रेतीचे तर दुहेरी नुकसान होते; गिऱ्हाईक येत नाही आणि माल सुकून जातो. अशा व्यक्तीच्या बाबतीत विश्रांतीचा संधी खर्च म्हणजे त्या दिवसाचा शिधा असतो. उत्पन्न जितके कमी तितका त्यातील मोठा हिस्सा उष्णता हिरावून घेते. या अर्थाने उष्णतेची लाट प्रतिगामी करासारखी वागते.

शेती आणि अन्नसुरक्षा : २०२२ चा अनुभव

मार्च २०२२ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. वायव्य भारतात त्या वेळी गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. या अवस्थेत उष्णता वाढल्यास पीक लवकर पक्व होते, दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो आणि उतारा घटतो. केंद्र सरकारच्या दुसऱ्या अग्रिम अंदाजात ११.१३ कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन तिसऱ्या अंदाजात १०.६४ कोटी टनांवर आणावे लागले.

ही घट सुमारे साडेचार टक्क्यांची होती. तिचे पडसाद मात्र दूरवर उमटले. युक्रेनमधील युद्धामुळे जागतिक बाजारात गव्हाचे भाव आधीच चढले होते. खासगी व्यापाऱ्यांकडून आधारभूत किमतीपेक्षा अधिक दर मिळू लागल्याने सरकारी खरेदी आदल्या हंगामातील सुमारे ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांपर्यंत खाली आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली आणि मोफत धान्य योजनेत काही राज्यांना गव्हाऐवजी तांदूळ देण्यात आला. एका महिन्याच्या उष्णतेचे परिणाम शेत, बाजारभाव, परकीय व्यापार व शिधावाटप अशा साखळीने कसे पसरतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने हवामानबदलामुळे शेती उत्पन्नात सरासरी १५ ते १८ टक्के, तर कोरडवाहू भागात २० ते २५ टक्के घट संभवते, असा इशारा आधीच दिला होता.

वीज आणि शीतकरणाचा पेच

उष्णता वाढली की विजेची मागणी वाढते. २९ एप्रिल २०२२ रोजी देशातील कमाल मागणी २०७ गिगावॅटवर गेली. औष्णिक केंद्रांकडे कोळसा पोहोचविण्यासाठी त्या वेळी अनेक प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. ३० मे २०२४ रोजी मागणीने सुमारे २५० गिगावॅटचा उच्चांक गाठला. दुपारची गरज भागविण्यास सौरऊर्जेची मदत होते. रात्रीच्या उकाड्यातील मागणीसाठी मात्र साठवणुकीची किंवा अन्य स्रोतांची सोय लागते.

वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते. विकत घेणाऱ्याला गारवा मिळतो आणि बाहेरील पादचाऱ्याला उष्णता. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. काँक्रीट व डांबराने आधीच तापलेल्या शहरांत हा परिणाम अधिक जाणवतो. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. छपरांना उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप देणे हा यातील स्वस्त उपाय होय. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

मृत्यूंची मोजदाद आणि अहमदाबादचा धडा

उष्णतेमुळे झालेला मृत्यू अनेकदा हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार म्हणून नोंदविला जातो. त्यामुळे थेट नोंदींवरून आपत्तीची व्याप्ती समजत नाही. त्यासाठी अतिरिक्त मृत्यू ही संकल्पना वापरतात. मे २०१० मधील लाटेत अहमदाबाद शहरात एकूण ४,४६२ मृत्यू झाले. संदर्भासाठी घेतलेल्या इतर वर्षांची सरासरी ३,११८ होती. हा १,३४४ मृत्यूंचा फरक म्हणजेच लाटेचे खरे मोल होय.

या अनुभवातून अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व अन्य संस्थांच्या साहाय्याने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पूर्वसूचना, रंगांनुसार इशारे, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पिण्याच्या पाण्याची व सावलीची व्यवस्था ही त्याची अंगे होत. आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्तविण्यात आला. पूर्वसूचना ही सार्वजनिक वस्तू आहे; एकाने तिचा लाभ घेतल्याने दुसऱ्याचा लाभ कमी होत नाही. त्यामुळे अल्प खर्चात ती मोठे फळ देते.

विश्रांतीच्या तासाची तरतूद

तथापि इशारा समजणे आणि तो पाळता येणे यांत अंतर आहे. दुपारी बारा ते तीन या वेळेत घराबाहेर पडू नये, हा सल्ला योग्यच आहे. परंतु रोजंदारीवरील श्रमिकाला तो पाळणे परवडत नाही. कृती आराखड्यांची पुढची पायरी येथे आहे.

सेवा या स्त्री श्रमिकांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेतील सुमारे २१ हजार सदस्यांसाठी तापमानावर आधारित विमा सुरू केला. ठरलेली तापमानमर्यादा ओलांडली की नुकसानीचा पुरावा न मागता रक्कम देय होते. पहिल्या वर्षी मर्यादा वर ठेवली गेल्याने रक्कम देय झाली नाही. झळ बसूनही निर्देशांक ती टिपत नाही, या उणिवेस आधार जोखीम म्हणतात. २०२४ मध्ये रचना बदलून ही योजना राजस्थान, गुजरात व महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार स्त्रियांपर्यंत नेण्यात आली आणि बहुसंख्य स्त्रियांना काही रक्कम मिळाली.

विमा हा सार्वजनिक तरतुदीचा पर्याय मात्र ठरू शकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालखंडात केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत शीतलहरीचा समावेश होता, उष्णतेच्या लाटेचा नव्हता. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून प्रतिसाद निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येत असे. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेस राज्य आपत्ती घोषित केले आणि मृतांच्या कुटुंबीयांना चार लाख रुपयांचे साहाय्य ठरविले. मृत्यूनंतरच्या साहाय्याइतकीच जिवंतपणी श्रम थांबविता यावेत यासाठीची तरतूद महत्त्वाची आहे. सार्वजनिक कामांच्या वेळा सकाळ-संध्याकाळ ठेवणे, ठेक्याच्या अटींतच उष्ण दिवसांची सवेतन विश्रांती समाविष्ट करणे, बाजार व मजूर अड्ड्यांवर सावली व पाणी पुरविणे हे उपाय खर्चिक नाहीत.

समारोप

उष्णतेच्या लाटेचा अभ्यास करताना तापमानाचे उच्चांक आणि मृत्यूंचे आकडे पुरेसे नाहीत. गमावलेले श्रमतास, घटलेली मिळकत आणि या तोट्याचे समाजातील वाटप यांचाही हिशेब मांडावा लागतो. हरितगृह वायूंचे उत्सर्जन रोखणे हा दीर्घकालीन उपाय जागतिक सहकार्यावर अवलंबून आहे. अनुकूलनाचे उपाय मात्र देश, राज्य व शहर यांच्या हाती आहेत. दुपारच्या उन्हात काम थांबविणाऱ्या श्रमिकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटते की नाही, या कसोटीवर कोणत्याही उष्णता कृती आराखड्याचे मूल्यमापन व्हावयास हवे.