पांढऱ्या रणात कॅमेरे घेऊन: चार दिवसांचा हिशेब

कच्छच्या पांढऱ्या रणात खास फोटोंसाठी जायचं, तर माणशी सोळा हजार रुपये धरून चाला. सहा जणांचा गट, मुंबईहून रेल्वेने भुज, तिथून पुढे चार दिवस भाड्याची गाडी आणि तीन मुक्काम, असा हा हिशेब आहे. दर हंगामागणिक थोडे वरखाली होतात. माझं मत विचाराल तर यातला सगळ्यात मोठा वाटा रणाजवळच्या मुक्कामावर आणि पहाटे-संध्याकाळी हाताशी असलेल्या गाडीवर जाऊ द्या. उजेड चांगला असतो तो सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आगेमागे तासभर, आणि त्या वेळी तुम्ही जागेवर नसलात तर महागड्या लेन्सचा काहीही उपयोग नाही.

स्वतःची गाडी घरून न्यायची अनेकांना हौस असते. मुंबई ते भुज साडेआठशे किलोमीटर, पुण्याहून हजाराच्या घरात. रजेचे दिवस त्यातच संपतात आणि चालवणारे दोघं पहिल्या पहाटेला उठत नाहीत. त्यापेक्षा कच्छ एक्स्प्रेस किंवा सयाजीनगरीने रात्रीचा प्रवास करा. थ्री एसीचं जाऊन-येऊन भाडं अडीच हजारांच्या आसपास पडतं.

गाडी भुजमध्ये ठरवा, आणि इथे जरा नीट लक्ष द्या. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान २५० किलोमीटरचे पैसे लावायची पद्धत आहे, गाडी तेवढी चालो न चालो. इनोव्हा १८ रुपये किलोमीटरने धरली तर चार दिवसांचे १८ हजार, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४०० प्रमाणे १६०० रुपये. कॅमेऱ्याच्या बॅगा आणि ट्रायपॉड घेऊन तिच्यात पाचच जण सुखाने बसतात, म्हणजे माणशी साधारण ३९०० रुपये. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर २४ रुपयांनी, भत्ता ५०० धरून, चार दिवसांना २६ हजारांत पडते. सहा जणांत वाटले तर माणशी ४३००. चारशे रुपये जास्त देऊन प्रत्येकाला खिडकी मिळते आणि शेजारच्या सीटवर उघडी बॅग ठेवता येते. फोटोग्राफर मंडळींनी तरी ट्रॅव्हलरच घ्यावी.

आता घासाघीस. भुज, रण, काळो डुंगर, धोळावीरा आणि परत भुज हा सगळा फेरा पाचशे-साडेपाचशे किलोमीटरचा होतो. तुम्ही मात्र हजार किलोमीटरचे पैसे भरत असता. हे गाडीवाल्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ‘एवढंच फिरणार आहोत, चार दिवसांचे ठोक सांगा’ म्हटलं की तो दर उतरवतो. त्याच बोलण्यात पहाटे साडेपाचला निघायचं आणि अंधार पडल्यावरही तासभर थांबायचं, हे स्पष्ट सांगून ठेवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ऐनवेळी कुरबुर होते ती बहुधा याच मुद्द्यावर. दुपारी ऊन डोक्यावर असताना ड्रायव्हरला हक्काने झोपू द्या, त्या वेळी तसंही कुणी फोटो काढत नाही.

मुक्काम भुजमध्ये केला तर खोली दोन हजारांत मिळते. पण रणाच्या कडेचं धोरडो गाव तिथून ८० किलोमीटर आहे, पहाटेसाठी रोज चार-साडेचारला उठून निघावं लागेल. होडको किंवा धोरडोच्या बाजूला गावकऱ्यांनी चालवलेले भुंगे आहेत, मातीच्या गोल भिंती आणि वर गवताचं छप्पर. दोघांना दोन जेवणांसह साडेचार-पाच हजार रुपये. पहिल्या दोन रात्री इथे आणि तिसरी धोळावीऱ्यात काढा. माणशी साडेसात हजार होतात, आणि सगळ्या खर्चात हाच मला सर्वात सार्थकी लागलेला वाटतो.

तारखा निवडताना बहुतेक जण पौर्णिमा धरतात आणि तेव्हाच दर सर्वाधिक असतात. चांदण्यात रण सुंदर दिसतं यात शंकाच नाही. पण तुम्हाला आकाशगंगा टिपायची असेल तर फेब्रुवारीतली अमावस्या गाठा. डिसेंबरात तिचा तेजस्वी मध्यभाग रात्री दिसतच नाही, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तो पहाटे आग्नेयेला वर येतो. खोल्याही तेव्हा स्वस्त असतात. शिवाय नोव्हेंबरात बऱ्याचदा पाणी पुरतं आटलेलं नसतं. प्रतिबिंबं हवी असतील तर तो काळ उत्तम, कोरडं मीठ हवं असेल तर जानेवारीनंतर जा.

पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. माणशी शंभर रुपये आणि गाडीचे थोडे वेगळे. ऑनलाइन काढता येतो, ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा. ड्रोन घरीच राहू दे, हा सीमेलगतचा भाग आहे. धोळावीऱ्याच्या उत्खननस्थळी ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, तिथे हातात कॅमेरा धरूनच काम भागवा.

खावडा ते धोळावीरा हा रस्ता या सहलीचा कळस आहे. घडुली-सांतलपूर महामार्गाचा हा तुकडा रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना हिवाळ्यात मीठ आणि पावसाळ्यानंतर पाणी. सहा जण उतरले की सगळे रस्त्याच्या मधोमध बसून त्याच रेषेचा फोटो घेतात. खावड्याच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पामुळे त्या भागात अवजड वाहनं असतात, तेव्हा पाळीपाळीने एकाने फक्त रहदारी बघावी आणि त्याच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट असावं. दीड-दोनशेत मिळतं. गाडी डांबर सोडून खाली घालू नका, मिठाच्या खाली चिखल असतो.

लेन्स भाड्याने घ्यायची तर ७०-२०० घ्या, दिवसाला हजाराच्या आसपास पडते, अनामत रक्कम वेगळी. सपाट रणात वाइड लेन्सने चौकट रिकामी पडते. लांबच्या लेन्सने दूरची उंटगाडी, माणसं, क्षितिजावरचा डोंगर जवळ येतात. एका भाड्याच्या लेन्सवर दोघांनी पाळी लावली तर खर्च निम्मा. पांढऱ्या मिठामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो करडा येतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर न्या आणि हिस्टोग्राम बघा. रणात उभं राहून लेन्स बदलू नका.

मीठ ट्रायपॉडच्या सांध्यांत जातं आणि आठवड्याभरात स्क्रू गंजू लागतात. पायांना खालून प्लास्टिकच्या पिशव्या घालून रबरबँड लावा, मुक्कामी आल्यावर प्रत्येक पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि पुसून रात्रभर उघडाच ठेवा. दुपारची जेवणं, चहा आणि किरकोळ खर्चाला माणशी दीड हजार बाजूला काढा, आणि घरी परतल्यावर सेन्सर साफ करून घ्यायला आणखी हजारभर.