साभार पोच : छोट्या अंकांची दखल कोण घेतं?

प्रश्न : आम्ही चारठाण्यातले पाच जण. गावातली बारव, जुनी देवळं आणि म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या ओव्या यांवर सोळा पानांचा अंक तयार केला. जिंतूरहून झेरॉक्स काढून आणल्या, घरी बसून स्टेपल मारले आणि साठ प्रती वाटल्या. शहरात शिकणारी माझी भाची म्हणाली, "मामा, याला झीन म्हणतात." हे झीन म्हणजे काय? आपल्याकडे पूर्वी कोणी असे अंक काढत असे का? आणि आमच्यासारख्यांच्या अंकाचं परीक्षण कोण करतं, कसं करतात? एक प्रत सोबत जोडली आहे.
— एक वाचक, चारठाणा (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : तुमच्या भाचीने नाव बरोबर सांगितलं. 'मॅगझीन' या शब्दाचा शेवटचा तुकडा म्हणजे झीन. 1930 साली अमेरिकेत, शिकागोमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांनी 'द कॉमेट' नावाचं पत्र काढलं. आपल्या आवडीच्या विषयावर आपणच लिहायचं, आपणच छापायचं आणि टपालाने एकमेकांना पाठवायचं, अशी ती रीत. चाहत्यांच्या अशा पत्रांना 1940 मध्ये 'फॅनझीन' हे नाव मिळालं. पुढे त्यातला 'फॅन' गळाला आणि झीन उरलं. लिहिणारे, छापणारे आणि वाटणारे हात तेच असतील, नफ्याचा हिशेब नसेल आणि मजकुरासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नसेल, तर ते झीन. मुंबईत 2017 मध्ये 'बॉम्बे झीन फेस्ट' नावाने अशा अंकांचा मेळावाही भरला.

शब्द बाहेरचा असला तरी वस्तू आपल्या घरातली आहे. शाळेतलं हस्तलिखित आणि कॉलेजच्या व्हरांड्यातलं भित्तिपत्रक ही तिची साधी रूपं. तिचं सगळ्यात धारदार रूप मात्र मराठीत 'लघुनियतकालिक' या नावाने ओळखलं जातं. पैसे जमले की अंक निघायचा, नाही जमले की नाही, म्हणून काहींनी त्याला 'अनियतकालिक' असंही म्हटलं.

सायक्लोस्टाइलचे दिवस

1950 च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. आज झेरॉक्सच्या दुकानात दोन मिनिटांत होणारं काम तेव्हा कसं होई ते सांगतो. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद असे. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टंकलेखन करायचं, किंवा टोकदार लेखणीने हाताने लिहायचं. जिथे अक्षर उमटे तिथलं मेण कापलं जाई. मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवून शाई फिरवायची. कापलेल्या जागेतून शाई झिरपे आणि खालच्या कागदावर मजकूर उतरे. काहीशे प्रती निघेपर्यंत स्टेन्सिल फाटायला येई. खिळे जुळवणारा नको, छापखान्याचा मालक नको. चार मित्र, एक खोली आणि एक रात्र पुरे.

पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'अथर्व' आणि नंतर 'असो', राजा ढाले यांचं 'येरू', चंद्रकांत खोत यांचं 'अबकडई' असे अंक येत गेले. नामदेव ढसाळांनी 'विद्रोह' काढलं. ही केवळ मुंबईची गोष्ट नव्हती. भालचंद्र नेमाडे आणि त्यांच्या मित्रांचं 'वाचा' तेव्हाच्या औरंगाबादेतून निघत होतं. नावातच दोन अर्थ होते: वाचा म्हणजे वाणी, आणि 'वाचा' म्हणजे वाचा!

तुमच्या भागाला तर यापेक्षाही जुनी परंपरा आहे. परभणी निजामाच्या राज्यात असताना, 1938 मध्ये, आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केलं. सरकार बंदी घाली, आणि तेच पत्र दुसऱ्या नावाने पुन्हा वाचकांच्या हाती येई. ते राजकीय वृत्तपत्र होतं, तुमच्या अंकासारखं नाही. पण परवानगीची वाट न पाहता छापायची हिंमत या मातीत कुठून आली, हे त्यावरून कळतं.

दखल कोण घेत असे?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मराठी मासिकांच्या व्यवहारात दोन शब्द फार जुने आहेत: 'साभार परत' आणि 'साभार पोच'. पहिला शब्द नाकारलेल्या लेखकाच्या वाट्याला येतो. दुसरा असतो मासिकाच्या शेवटच्या पानांवर, बारीक टायपात. आलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पाने, किंमत. परीक्षणाला जागा नसली तरी "तुमचं पुस्तक आमच्यापर्यंत पोहोचलं" एवढं सांगण्याची ती सभ्य रीत.

छोट्या अंकांच्या नशिबी बहुधा पहिलाच शब्द आला, आणि कधी कधी दुसरा विकतही मिळाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, अशी नोंद धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात आहे. मजकूर चांगला की वाईट हा प्रश्न पुढचा. हे पत्र अस्तित्वात आहे, एवढंही वाचकाला कळू द्यायचं नव्हतं. पोच नाकारणं म्हणजे काय, ते या एका घटनेतून समजतं.

म्हणून छोट्या अंकवाल्यांनी पोच देण्याचं काम स्वतःच्या हाती घेतलं. ते एकमेकांचं वाचत, एकमेकांबद्दल लिहीत, भांडतही. ज्यांनी त्यांना वाचलं नव्हतं, त्यांनाही त्यांनी कसून वाचलं. 'सत्यकथा' हे त्या काळी मराठी साहित्याचं सर्वांत मानाचं मासिक. 1969 मध्ये राजा ढाले यांनी 'येरू'मध्ये 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख लिहून त्या मानाचीच झडती घेतली. त्याच वर्षी तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. लोकांना होळी आठवते, मला तो लेख महत्त्वाचा वाटतो. अंक जाळायला काडेपेटी पुरते, पण त्याची चिकित्सा करायला आधी तो ओळ न ओळ वाचावा लागतो. रागावलेली ही मुलं त्या मासिकाची अतिशय बारकाईने वाचणारी वाचकही होती.

दुसरी वाट मराठवाड्याने दाखवली. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेलं 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक त्यांनी पुढे दशकानुदशकं चालवलं. दलित साहित्यातल्या कितीतरी लेखकांचं पहिलं लेखन त्यात छापलं गेलं. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावेही भरत. ज्याचं लिहिलेलं वाचलं, तो माणूस समोर बसलेला असे, त्याला तोंडावर सांगता येई की हे पटलं आणि हे नाही. याच पानतावण्यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर अभ्यासग्रंथ लिहिला. ज्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापली गेली नव्हती, त्याची सविस्तर पोच एका छोट्या नियतकालिकाच्या संपादकाने दिली.

जगातही असंच घडलं. 1982 मध्ये अमेरिकेत माइक गुंडरलॉय यांनी 'फॅक्टशीट फाइव्ह' काढलं. त्याचं मुख्य काम एकच: टपालाने येणाऱ्या झीनांबद्दल चार-दोन ओळी लिहायच्या आणि खाली ते मागवण्याचा पत्ता व किंमत द्यायची. अंक निघे एका गावात आणि वाचक असे हजार मैलांवर. त्या दोघांची गाठ ती चार ओळींची नोंद घालून देई. दुकानात न मिळणाऱ्या अंकाला परीक्षण हेच दुकान, आणि तोच रस्ता.

परीक्षण कसं करावं?

मोठ्या प्रकाशनाच्या पुस्तकाचा परीक्षक 'घ्यावं की न घ्यावं' हे सांगतो. छोट्या अंकाच्या परीक्षकाने आधी 'हे आहे' असं सांगायचं असतं. म्हणून पहिल्या चार ओळींत कोरडी माहिती हवी: नाव, कोणी काढला, कुठून, कधी, पाने किती, आकार केवढा, छपाई कशाची, कसा मिळेल. ही माहिती रुक्ष वाटते, पण पन्नास वर्षांनी तीच उरते. लघुनियतकालिकांच्या कितीतरी प्रती रद्दीत गेल्या. अशा कागदांचं मोल आता अभ्यासकांना कळलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह जतन केला जातो. ज्या अंकावर तारीख नाही, तो कोणत्या वर्षीचा हे ठरवायला अभ्यासकांना एखाद्या जुन्या पत्रातली किंवा नोंदीतली एक ओळ शोधावी लागते.

दुसरी गोष्ट: अख्ख्या अंकाला एक शेरा मारू नये. 'प्रयत्न स्तुत्य आहे' हे वाक्य तर लिहूच नये. त्याचा अर्थ वाचलं नाही असा होतो. एक लेख, एक चित्र किंवा एक पान निवडावं आणि त्याबद्दल मन लावून लिहावं. काय जमलं, कुठे अडखळलं, आणि दुसरीकडे कुठेही वाचायला मिळालं नसतं असं यात काय आहे?

तिसरी: मोजपट्टी त्या अंकाचीच घ्यावी. कागद खरखरीत आहे, फोटो काळवंडले आहेत, या तक्रारी झेरॉक्सच्या अंकाला लावू नयेत. मात्र शुद्धलेखन, माहितीचा खरेपणा आणि दुसऱ्याचं घेतलं असेल तर त्याचा उल्लेख, यात लहान-मोठं काही नसतं. साठ प्रतींचा अंकही चूक करू शकतो, आणि ती दाखवणं म्हणजे त्याचा मान राखणं.

चौथी: या जगात सगळे एकमेकांना ओळखतात. परीक्षण लिहिणारा उद्या स्वतःचा अंक काढणार असतो. म्हणून संपादक आपला मित्र असेल तर तसं सरळ लिहावं आणि मग मोकळेपणाने बोलावं. मैत्री लपवून केलेली स्तुती वाचकाला वास येऊन कळते.

मराठीत 'पोच' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. समज, जाण. 'त्याला पोच नाही' असं आपण म्हणतो. छोट्या अंकाला दोन्ही पोच लागतात: मिळाल्याची पोच, आणि ती देणाऱ्याला असलेली पोच. पहिली कोणीही देऊ शकतो. दुसरी वाचून वाचून येते.

आणि आता तुमच्या अंकाबद्दल

तुम्ही प्रत पाठवली आहे, तेव्हा नुसता उपदेश करून थांबणं बरोबर नाही. ही पोच:

*'चारठाणा'. पाच मित्रांनी काढलेला अंक. मुखपृष्ठावर फक्त गावाचं नाव. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडून केलेली सोळा पाने, झेरॉक्स, मध्ये दोन पिना. किंमत छापलेली नाही. मजकूर : बारवेचा हाताने काढलेला आराखडा, गोकुळेश्वराच्या देवळाची ओळख, चार पाने ओव्या, आणि गावात बोलल्या जाणाऱ्या पण पुस्तकात न सापडणाऱ्या शब्दांची यादी.*

आराखडा अंकातला सर्वांत मोलाचा. बारवेचे फोटो पुष्कळांनी काढले असतील. तुम्ही दोरी घेऊन आत उतरलात आणि पायरी, कोनाडा, टप्पा मोजून कागदावर मांडलात. आकड्यांशेजारी 'येथे गाळ, मोजता आले नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलंत, ते मला फार आवडलं. देवळाची ओळख मात्र ऐकीव आख्यायिका आणि ठाऊक असलेला इतिहास यांची सरमिसळ करते. दोन्ही छापा, पण वेगळ्या परिच्छेदांत. शब्दांची यादी दोन पानांत संपते याचं वाईट वाटलं. ती वाढवा आणि प्रत्येक शब्दाला एक वापरलेलं वाक्य जोडा.

दोन उणिवा गंभीर आहेत. अंकावर महिना आणि वर्ष कुठेही नाही. उरलेल्या प्रतींवर आजच पेनने लिहा. दुसरी उणीव त्याहून मोठी: चार पाने ओव्यांत एकाही गाणाऱ्या बाईचं नाव नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम उभं केलं, त्यात गाणारीचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवली गेली. ओवी परंपरेची असते हे खरं. पण ती तिने जपली, तिने सांगितली, म्हणून तुम्हाला मिळाली.

एक-एक प्रत तुमच्या वाचनालयात, परभणीच्या जिल्हा ग्रंथालयात आणि छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषदेकडे द्या. अंक काढणारे आणखी कोणी भेटले तर आपली प्रत त्यांना द्या, त्यांची मागून घ्या, आणि पुढच्या अंकाचं शेवटचं पान 'साभार पोच'साठी राखून ठेवा. चळवळ म्हणतात ती अशाच अदलाबदलीने उभी राहते.

परीक्षण कोण करतं, असं तुम्ही विचारलंत. माझ्याआधी ते करायचा हक्क ज्यांचा आहे, त्या तुमच्याच गल्लीत आहेत. संध्याकाळी अंक घेऊन त्या म्हाताऱ्यांकडे जा आणि छापलेल्या ओव्या त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. एखादी मध्येच थांबवून म्हणेल, "असं नाही रे, असं हाय ते." ती जे सांगेल ते लिहून घ्या. खाली तिचं नाव लिहा आणि तारीख घाला. तुमचा दुसरा अंक तिथूनच सुरू होईल.